दोन मिलिमीटर

"ठोकू नुको, पेटी फुटंल," बाबा म्हणाले. कृतिकाने उचललेली हातोडी खाली ठेवली.

ठाकुर्लीच्या आमच्या गॅलरीत दोन स्टुलांवर माझा विंडसर्फिंगचा बोर्ड पालथा घातला होता. बोर्डाच्या बुडाला, शेपटीकडे, माशाच्या पंखासारखी फिन असते. ती नसेल तर शिडात कितीही वारा भरो, बोर्ड सरळ जात नाही. जुनी फिन तुटलेली. कृतिकाने आणलेली नवी फिन बुडातल्या खाचेत, म्हणजे पेटीत, पूर्ण उतरत नव्हती, दोन मिलिमीटर वर राहत होती.

कृतिका माझ्याच कॉलेजची, सहा वर्षांनी धाकटी. पुढच्या आठवड्यात गोव्याला तिची पहिली स्पर्धा. माझी लेक समीक्षा झाल्यापासून दीड वर्ष बोर्ड भिंतीला टेकून होता. मीच म्हटलेलं, घेऊन जा, कायमचा. फोनवर म्हणताना सोपं वाटलेलं.

"दर्शनाताई, नाहीच बसली तर राहू दे गं. मी क्लबचा बोर्ड मागते."

नाही बसली तर बोर्ड इथेच राहणार होता.

समीक्षा दुडूदुडू फिनच्या स्क्रूकडे निघाली तसा मी तो मुठीत घेतला. हल्ली मला आधी तोंडात जाणाऱ्या वस्तूच दिसतात.

बाबा म्हणजे माझे सासरे, सखाराम. जन्म खाडीवर होड्या दुरुस्त करण्यात गेला. ते देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आले. थेंबभर तेलात कुंकू कालवून त्यांनी फिनच्या बुडाला बोटाने लावलं.

"देवाचं कुंकू, बाबा?"

"होडीचं सुकान असंच बसवायचो. देव काय रागावतंय? त्यालापन होडी लागते."

फिन पेटीत दाबली, बाहेर काढली. पुढच्या कोपऱ्यावरचं कुंकू पुसलं गेलं होतं.

"तिथं अडतंय. घास तू, बोर्ड तुझा हाय."

पॉलिश पेपर माझ्या हातात आला. चार हात जास्त मारले तर फिन कायमची सैल. मारलेच नाहीत, तर… माझा हात तिथेच थांबला. कृतिका मोबाईलमध्ये बघत होती. बाबा माझ्याकडे.

"नसल द्यायचा तं नको देऊ," ते हळूच म्हणाले. "पन घासलंस तं नीट घास."

मी घासलं. पुन्हा कुंकू, पुन्हा घासणं. पाचव्या खेपेला रंग सगळीकडे सारखा पुसला गेला. बोर्ड कुशीवर उभा करून मी वरच्या बाजूने स्क्रू पिळला, तशी फिन सरकत आत गेली आणि चपखल बसली. धरून हलवली, तर अख्खा बोर्ड हलला. फिन नाही.

"वॉव, ताई!"

खाली टेम्पोत बोर्ड बांधून झाल्यावर मी कृतिकाला म्हटलं, "ऐक. वारा नीट लागला की ही फिन गुणगुणायला लागेल. तळपायाला कळतं. घाबरू नकोस, वेग आलाय एवढाच अर्थ."

"तू घाबरलेलीस?"

"रडलेले. आनंदाने गं, वेडे."

टेम्पो वळणापलीकडे गेला. वर आल्यावर बाबा समीक्षाला भरवत बसले, आणि मी चपला काढून गॅलरीत उभी राहिले. फरशी गार होती. डोळे मिटून बराच वेळ मी पायाखाली ऐकत राहिले.