बसवत न्हाई

अजिनाथने बायकोचा, राजेश्वरीचा, हलणारा गुडघा हाताने दाबून धरला. तिने तो हात झटकून टाकला.

"डॉक्टर बघत्यात," तो पुटपुटला.

"बघू द्या. त्येच दाखवाया आलोय."

टेबलापलीकडे डॉ. प्रज्ञा तिचा रिपोर्ट वाचत होत्या. बसलं की राजेश्वरीच्या पायांत वळवळ सुटायची आणि उठून चालल्याशिवाय ती शमायची नाही. असा आजार असलेल्या माणसांचा त्या अभ्यास करत होत्या. अंगात सूज असली की रक्तातली काही प्रथिनं वाढतात. ती या माणसांत वाढलेली दिसतात का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी पाथर्डीच्या या दवाखान्यात गेल्या महिन्यात राजेश्वरीनेही रक्त दिलं होतं.

ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टरमध्ये तिच्या शेजारी कुणी बसायला राजी नसे. कीर्तनाला ती दाराशी उभी. सासू भागूबाई तर चारचौघांत सुनवायची, "पाय हलवनाऱ्या बाईच्या घरात लक्ष्मी टिकत न्हाई." तपासणीत आजार निघावा म्हणून कुणी नवस बोलत नाही. राजेश्वरी मढीच्या देवाला जाऊन बोलून आली होती.

"सूज दाखवणारी प्रथिनं तुमच्या रक्तात वाढलेली नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

राजेश्वरीचा चेहरा उतरला. अजिनाथ मोकळेपणी हसला.

"मंजी काय न्हाई. मी म्हनतच हुतो, सोंग हाय."

"सोंग नाही. काहींची वाढतात, काहींची नाहीत. हा आजार माणसाच्या सांगण्यावरूनच ओळखतात."

"पन रक्तात तर न्हाई ना निघालं?"

राजेश्वरी उठून उभी राहिली.

"रक्तात न्हाई निघालं, मंग माजं पाय काय खोटं झालं? म्याडम, तुमी दोनी लिवा. सूज न्हाई, पन तरास हाय. आन् अभ्यासातनं माजं नाव काढू नगा. परत रक्त लागलं तर परत दीन."

"लिहिते," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं लोह मात्र कमी आहे. गोळ्या देते, फरक पडतो का बघू."

अजिनाथने हात पुढे करायच्या आत तिने चिठ्ठी उचलली.

बाजार करून आलेली भागूबाई बाहेर बाकावर बसली होती. "काय न्हाई निघालं," अजिनाथने तिला सांगितलं. म्हातारी बाजाराची पिशवी उचलून उठली.

परतीच्या एसटीत तिघांना एका बाकावर जागा मिळाली. पाथर्डी मागे पडेपर्यंत राजेश्वरीने दम धरला, मग उठून दांड्याला धरून उभी राहिली.

"ताई, जागा हाय की. बसा," कंडक्टर म्हणाला.

एरवी ती गाडी लागते म्हणून सांगायची.

"बसवत न्हाई मला," ती म्हणाली. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "पायाचा आजार हाय."

अजिनाथने तोंड खिडकीकडे वळवलं. तेवढ्यात भागूबाई पदर सावरत उठली आणि सुनेशेजारी येऊन उभी राहिली.

"आत्या, तुमी कशापायी उठला? बसा."

"नगं." म्हातारीने एका पायाने दुसरी पोटरी घासली. "ह्याच्या बाळंतपनापास्नं हाय मला. कुनाला सांगनार हुते?"

तिघांच्या बाकावर अजिनाथ एकटाच उरला.