बिनवायरचा माउस

वागळे इस्टेटमधल्या त्या खोक्यांच्या कारखान्यात दीप्ती आणि देवयानीताईंचं माउसवरून चालणारं भांडण सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्या मजल्यावर दोघींची टेबलं समोरासमोर, मध्ये प्लायवूडचा आडोसा. मिठाई, औषधं, दिव्यांच्या माळा, जे काही खोक्यात जातं त्याच्या खोक्याचा नकाशा या दोघी कॉम्प्युटरवर काढायच्या. कुठे कापायचं, कुठे घडी घालायची. त्या रेघांवरून खाली पात्यांचा साचा बनायचा आणि मशीनवर पुठ्ठा कापला जायचा. रेघ जराशी सरकली तरी झाकण बसायचं नाही.

दीप्तीला बिनवायरचाच माउस हवा. तिच्या टेबलावर नमुन्याच्या खोक्यांचा कायम ढीग. वायर असली की खोक्यांच्या कडांत अडकायची आणि जोरात ओढली की ढीग कोसळायचा. देवयानीताईंना वायरवालाच. त्या म्हणायच्या, ऐन घाईत तुझा सेल संपतो, कॉम्प्युटरला लावायचा तो नखाएवढा रिसीव्हर हरवला की माउस नुसता दगड, आणि हात पुढे गेला तरी पडद्यावरचा बाण मागेच रेंगाळतो. वायरचं बरं असतं, इथून निघते नि तिथे जाते, डोळ्यांना दिसते. दीप्ती म्हणायची, ताई, तुम्ही माउसलासुद्धा दावणीला बांधता. मग दोघी हसायच्या आणि डबे उघडायच्या.

दीप्तीला या कारखान्यात आणलं ते देवयानीताईंनीच. डोंबिवलीत त्या संध्याकाळचा कॉम्प्युटरचा क्लास घ्यायच्या आणि कल्याणहून, कोळसेवाडीतून येणारी ही मुलगी त्यांच्या नजरेत भरली होती. तिची रेघ तिच्या वडलांची होती. दगडू पेंटर म्हणजे कल्याण पूर्वेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचा. त्याच हाताला पुढे कंपवात झाला. आधी ब्रश सुटला, मग चमचा सुटला, शेवटी शर्टाची बटणंसुद्धा दीप्तीची आई, केशरबाई, लावून द्यायची. तो गेला तेव्हा देवयानीताई तेरवीपर्यंत रोज घरी येत होत्या. केशरबाई त्यांना आपली मोठी लेकच मानायची आणि दीप्ती त्यांना सगळं सांगायची. विठ्ठलवाडीचा सम्यक आपल्याला आवडतो हे तिने आईच्या आधी ताईंना सांगितलेलं.

गेल्या पावसाळ्यानंतर दीप्तीचा बाण उडायला लागला. रेघ ओढता ओढता पडद्यावरचा तो बाण मध्येच टुणकन बाजूला जायचा आणि रेघ वाकडी व्हायची. तिने सेल बदलला. माउसच्या खालची काच पुसली, टेबलावर पांढरा कागद घातला. चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. एकदा घाईत तिची वाकडी गेलेली रेघ तिच्या लक्षातच आली नाही. तसाच साचा बनला, मिठाईचे खोके कापून झाले आणि एकाचंही झाकण बसेना. मालक मितेशदादा ओरडला नाही. एवढंच म्हणाला की यापुढे दीप्तीचा प्रत्येक नकाशा ताई तपासतील, मगच खाली जाईल.

त्या दिवशी डबा खाताना दीप्ती हळूच म्हणाली, "ताई, माझा हात तर नसेल ना हलत?"

देवयानीताईंनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, "घाबरू नकोस. पण दाखवून घे एकदा."

दीप्तीने लगेच दाखवून घेतलं. ठाण्यातल्या डॉक्टरांनी तिला बोटं नाकाला लावायला सांगितली, कागदावर गोल गोल काढून घेतलं आणि हातात काही दोष नाही म्हणून सांगितलं. तिने ते ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या, देव करो नि तसंच असो. सुरुवातीला डॉक्टरांनाही कळत नाही गं, तुझ्या बाबांचंही असंच झालेलं ना? तसंच झालं होतं. दीप्ती घरी चहा गाळताना आईकडे पाठ करून उभी राहू लागली. सम्यकच्या घरचे लग्नाची तारीख ठरवायला येणार होते, त्यांना तिने पुढच्या वर्षी बघू म्हणून थांबवलं. कारण सांगितलं नाही. त्याला उगाच आत्ताच कशाला सांगतेस, हा सल्लाही ताईंचाच. सम्यक दोनदा कोळसेवाडीत येऊन दाराशी उभा राहिला आणि दोन्ही वेळा ती त्याच्याशी हवापाण्यावर बोलली.

शेवटचा उपाय म्हणून तिने हट्ट सोडला आणि वायरवाला माउस घेतला. देवयानीताईंनी पाठीवर थाप मारली. मी कधीची सांगत होते, म्हणाल्या. वायर खोक्यांत अडकायची ती अडकतच होती, पण ते चाललं असतं. बाण मात्र तसाच उडत राहिला. आता माउसला दोष द्यायची सोय उरली नव्हती. आता उरला फक्त हात.

एका दुपारी ती औषधाच्या खोक्याचा नमुना हातात घेऊन बघत होती. दोन्ही हातांनी झाकण उघडत होती, बंद करत होती. सहज तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. बाण सरकला. थांबला, पुन्हा सरकला. माउस टेबलावर एकटा पडला होता, त्याला कुणी शिवलेलंही नव्हतं.

तिला आधी एकदम हलकं वाटलं. आपला हात नाही. नमुना खाली न ठेवता ती पाहत राहिली. बाण आणखी एकदा उडाला. मग ती टेबलाखाली वाकली, कॉम्प्युटरचा डबा भिंतीपासून ओढला आणि मागच्या बाजूला बोटं फिरवली. तिच्या जुन्या माउसचा रिसीव्हर तिने कधीच काढून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. तरी मागे, वायरींच्या गुंत्यात, नखाएवढा एक रिसीव्हर लावलेला होता. तो तिचा नव्हता. कुणाच्या तरी हातातल्या बिनवायरच्या माउसशी तिचा कॉम्प्युटर जोडलेला होता आणि तो माउस फार लांब असणं शक्य नव्हतं.

तिने तो काढला नाही. उभी राहिली, आडोशाच्या पलीकडे गेली. देवयानीताई डाव्या हाताने कागद चाळत होत्या. उजवा हात अर्धवट उघड्या ड्रॉवरमध्ये होता. दीप्ती आलेली पाहून त्यांनी ड्रॉवर लोटला, पण घाईत हात आतच राहिला. तो बाहेर आला तेव्हा त्यांच्याबरोबर दीप्तीनेही आत पाहिलं. लहानसा काळा माउस होता, रुमालावर ठेवलेला. ड्रॉवरच्या पत्र्यावर आवाज होऊ नये म्हणून.

खाली मशीन चालू होतं.

"ताई, तुम्ही?" दीप्ती म्हणाली.

देवयानीताईंनी चष्मा काढला. त्यांनी नाकारलं नाही. मितेशदादाने पावसाळ्यातच त्यांना बोलावून सांगितलं होतं की नव्या प्रोग्रॅमवर दीप्ती एकटी सगळं उरकते, वर एकच माणूस पुरेल, दिवाळीनंतर बघू. त्यांना या वयात दुसरीकडे कोण घेणार होतं? एखाददुसरी चूक दिसली की दोघी लागतात हे त्याला पटेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. "तू तरुण आहेस," त्या म्हणाल्या. "तुला कुठेही काम मिळालं असतं."

"मला सांगितलं असतं तर मीच गेले असते," दीप्ती म्हणाली, आणि ते खरं होतं. "पण नोकरीचं सोडा. तुम्हाला बाबांचं माहीत होतं. तुम्ही त्यांना भरवलेलं आहे."

"आजाराचं मी नाही काढलं, दीप्ती. तू काढलंस." देवयानीताईंचा आवाज बारीक झाला. "मी फक्त नाही म्हटलं नाही."

दीप्तीला वाटलं होतं की आपण ओरडू. त्याऐवजी ती जागेवर गेली, मागचा रिसीव्हर उपटला, आणून त्यांच्या कीबोर्डवर ठेवला आणि जिना उतरून मितेशदादाच्या केबिनमध्ये गेली.

मितेशदादाने सगळं ऐकून घेतलं. ताईंनी असं केलं हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. त्याच्या वडलांच्या वेळेपासून त्या कारखान्यात होत्या. त्याने त्यांना बोलावलं. त्या खुर्चीत बसून रडत राहिल्या. मितेशदादा अस्वस्थ झाला. म्हणाला, दोघी बसून मिटवा, घरातल्यासारखी माणसं आहोत, बाहेर कशाला न्यायचं. दीप्तीने विचारलं, काय मिटवायचं?

देवयानीताई दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत आणि नंतरही आल्या नाहीत. वरचं सगळं काम दीप्तीकडे आलं. खाली मशीनवरच्या बायकांना अर्धवटच कळलेलं. नव्या पोरीने जुन्या बाईला घालवलं, असं त्या आपसात म्हणायच्या आणि दीप्ती जिन्यात दिसली की गप्प व्हायच्या. तिने कुणाला समजावलं नाही. समजावायचं तर बाबांपासून सुरुवात करावी लागली असती आणि बाबांना त्यात आणायची तिची तयारी नव्हती.

रविवारी तिने सम्यकला ठाण्याला बोलावलं. मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसून तिने त्याला पहिल्यापासून सांगितलं. बाण, डॉक्टर, पुढे ढकललेली तारीख, ड्रॉवरमधला रुमाल. आपल्याइतकाच तोही ताईंवर चिडेल असं तिला वाटत होतं. तो ऐकत राहिला, मग पाण्याकडे पाहत म्हणाला, "इतके महिने तुला वाटत होतं की आपल्याला हा आजार झालाय. आणि हे तू तिला सांगितलंस. मला नाही."

"ती म्हणाली, सांगू नको."

"हो. पण ऐकलंस तू."

तिला राग आला, कारण तो चुकीचं बोलत नव्हता. तो उठून गेला नाही. त्याने दोघांसाठी चहा आणला. जाताना त्याने थोडे दिवस मागितले. ते दिवस बरेच लांबले, पण एका संध्याकाळी तो कोळसेवाडीत आला. या वेळी तो दाराशी थांबला नाही, आत येऊन केशरबाईसमोर बसला आणि तारखेचं बोलला. दीप्तीने त्या दिवशी आईलाही सगळं सांगितलं. केशरबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निवडायचं ताट पुढे ओढलं.

पत्रिका वाटायची वेळ आली तेव्हा केशरबाईने विचारलं, "देवयानीला द्यायची का गं?"

दीप्ती पाकिटांवर नावं लिहीत राहिली.

"तुझ्या बापाला वरणभात भरवलाय तिने. खोटं खोटं नव्हती भरवत."

"माहितेय आई."

खोटं खोटं असतं तर दीप्तीला सोपं गेलं असतं. पहिल्या दिवसापासून सगळं नाटक होतं असं ठरवून मोकळं होता आलं असतं. पण ती माया खरी होती आणि ड्रॉवरमधला हातही खरा होता, आणि दोन्ही एकाच बाईची होती. दीप्तीने पत्रिकांचा गठ्ठा आईकडे सरकवला आणि तू ठरव म्हणाली.

आईने काय ठरवलं ते तिने विचारलं नाही. लग्नाच्या दिवशी हॉलच्या दाराशी कुणी आलं की तिची नजर आपसूक तिकडे जायची, आणि दर वेळी ती स्वतःवरच चिडायची. देवयानीताई आल्या नाहीत. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर सम्यकने विचारलं, कुणाची वाट बघत होतीस? दीप्ती सवयीने कुणाचीच नाही म्हणणार होती. मग थांबली आणि तिने त्याला सांगितलं.