मुर्सीने तोंड उघडू नये

अठरा वर्षं मी सिनेमात नुसता मार खाल्ला. नायक कोणीही असो, शेवटच्या रिळात तो मला बदडणार आणि अख्खं कैरो टाळ्या पिटणार. आमच्या गल्लीतला भट्टीवाला मला मुद्दाम करपलेल्या भाकऱ्या द्यायचा. म्हणायचा, "परवा त्या विधवेला फसवलंस ना, वगदी? खा आता." अरे, माणसाने ऐकून तरी किती घ्यायचं?

आणि मग मला मुर्सी मिळाला. मुर्सी तस्कर. जिवलग दोस्ताला तोच पोलिसांच्या हवाली करतो, आणि दोस्त तुरुंगात मेला की त्याच्या आईला सख्ख्या आईसारखं सांभाळतो. शेवटी म्हातारी विचारते, "माझ्या पोराचं नाव कोणी सांगितलं रे?" मुर्सी म्हणतो, "देवालाच ठाऊक, आई," आणि तिच्यासाठी चहा टाकायला उठतो. बस, सिनेमा संपला. कथा ऐकली आणि दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घालत होतो. बायको म्हणाली, "बसा हो एका जागी, फरशी झिजेल."

आमचा निर्माता हाजी बहजत भित्रा. त्याने दुसरा शेवटही करून घेतला. त्यात मुर्सी म्हातारीच्या पायांवर लोळण घेतो, सगळं कबूल करतो आणि पोलिसांबरोबर जातो. काय रडलोय मी त्यात, माझी मलाच लाज वाटते. ठरलं असं, की ईदच्या पहिल्या दिवशी शुब्रातल्या थिएटरात सकाळच्या खेळाला माझा, चहाचा शेवट लावायचा. "तेरसो बिथरला, तर दुपारपासून कबुलीचं रीळ," हाजीने बजावलं. तेरसो म्हणजे अगदी पुढची स्वस्तातली लाकडी बाकं. तिथल्यांना पटलं नाही तर पडद्यावर चपला बसतात, आणि त्यांचा निकाल शेवटचा. हाजी रिळाचा डबा मांडीवर घेऊनच माझ्या शेजारी बसला. कबुलीचं रीळ लागलं की मी जन्मभर पुन्हा तोच रडका, मार खाणारा.

ईदचे नवे कपडे घालून थिएटर खचाखच भरलेलं, भोपळ्याच्या बिया फोडणं जोरात. गोदीत पोलीस मुर्सीच्या मागे लपत आले आणि अख्खा तेरसो ओरडला, "मुर्सी, मागे बघ!" मला सांगत होते ते! अठरा वर्षं याच लोकांनी माझी लपायची जागा पोलिसांना ओरडून सांगितली होती. आनंदाने मी हाजीच्या पाठीत धपाटा घातला.

मग म्हातारीचा तो प्रश्न आला. मुर्सी चहा टाकायला उठला.

"सांग की तिला, कुत्र्या," तेरसोतून एकजण ओरडला.

एक म्हातारी बाई ताडकन उभी राहिली. "गप बस. सुखाने मरू दे म्हातारीला."

"तुझा पोरगा धरून दिला असता म्हणजे?"

"तर मलाही सांगू नका."

झालं. बाकंच्या बाकं उठली, अर्धी तिच्या बाजूने, अर्धी त्याच्या. दिवे लागले तरी कोणी घरी जाईना. एक चप्पल हवेत गेली, मागोमाग दुसरी.

हाजी डबा उचलून उठला. "बघ, फेकल्या चपला."

मी त्याचा कोट धरला. "एकमेकांवर फेकतायत, हाजी. पडद्याला एक तरी लागली का?"

"चप्पल ती चप्पल." त्याने कोट सोडवून घेतला आणि मशीनवाल्याच्या खोलीकडे निघाला. मी त्याच्या मागे, गयावया करत.

दारातच काळी चादर पांघरलेल्या एका म्हातारीने माझी बाही पकडली. मघा तेरसोत उभी राहिलेली तीच. पकड घट्ट होती.

"मुर्सी, ऐक. दुपारच्या खेळाला माझी जाऊ येतेय. तिच्यासमोर कबूल करू नकोस."

"आजी, मी वगदी. तो सिनेमा आहे, एकदा काढला की..."

"ते मला सांगू नकोस. आता मन घट्ट केलंस, पण दुपारी तुझा धीर सुटला तर?" तिने मला जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला. "तीस वर्षं मी तिच्यासमोर गप्प आहे. तुला एक दुपार जमणार नाही?"

मी हाजीकडे पाहिलं. त्याने सगळं ऐकलं होतं. मशीनवाल्याला त्याने हाक मारली आणि म्हणाला, "दुपारीही हाच शेवट लाव."