बिनतारेचं तांबं

कामोठ्याची रंजिता पनवेलच्या कॉलेजात पीएचडीला लागून दीड वर्ष झालं, तरी हातात दाखवण्यासारखं काही नव्हतं. काम ऐकायला सोपं होतं. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, पाण्यात कार्बनची पट्टी आडवी बुडवायची, तिला वायर जोडायची नाही. ट्रेच्या दोन्ही टोकांना प्लॅटिनमच्या तारा सोडून वीज दिली, की पट्टीचं एक टोक आपोआप धन होतं, दुसरं ऋण. ऋण टोकावर तांबं चढतं, कडेला दाट आणि आत विरळ होत जाणारं. प्रितेशला ते जमलं होतं. तिच्याआधी याच टेबलावर काम करून, पेपर छापून तो जर्मनीला गेला. त्याच्याच कृतीनं, तेवढंच मोरचूद घालून रंजिता करायची, आणि पट्टीवर काळपट डाग पडायचे.

"तुझ्या हातालाच काहीतरी आहे," तिचे गाइड दिनानाथ सर म्हणायचे. ट्रेशेजारी भज्यांची बशी ठेवून ते खायचे आणि त्याच तेलकट बोटांनी तिच्या पट्ट्या उचलून बघायचे.

फेब्रुवारीत तपासणी समिती यायची होती. सरांनी प्रितेशच्या मूळ पट्ट्यांचा डबा काढून दिला. "टेबलावर नीट मांडून ठेव."

तिनं त्या पहिल्यांदाच जवळून पाहिल्या. पेपरातल्या फोटोत न दिसणारा भाग इथं होता. एक टोक पेरभर कोरं, आणि त्यावर क्लिपच्या दातांचे ओरखडे. सूक्ष्मदर्शकाखाली तांब्यावर बारीक रेषा दिसल्या, बादलीतलं पाणी उतरत गेल्यावर आत राहतात तशा. पूर्ण बुडालेल्या पट्टीवर पाण्याची पातळी कशी उमटेल? प्रितेशनं वायर जोडून पट्टी उभी बुडवली होती आणि थोडी थोडी वर ओढली होती, म्हणून थर खालच्या कडेला दाट आणि वर विरळ झाला होता.

दीड वर्ष ती या लबाडीपुढे स्वतःला नालायक ठरवत आली होती.

"सर, याला वायर जोडलीय."

"माहितीये," सर चावता चावता म्हणाले. "तूही तशी एक कर. नव्या पेपरात तुझं नाव पहिलं घालू. मूळ कल्पना खरी आहे ना, मग झालं. घे, गरम आहेत."

त्यांच्या मिशीत बेसनाचा कण अडकला होता. ती उठली. पण 'पहिलं नाव' हे शब्द क्षणभर तिला गोड लागले होते, आणि सगळ्यात जास्त किळस तिला त्याचीच आली.

घरी तिनं ताट सरकवलं.

"जेवत नाय का गं?" आई, सत्यवती, म्हणाली. "कोनी काय बोल्ला?"

"नाय. घशाखाली उतरत नाय."

समितीतल्या एका वयस्कर मॅडमनी प्रितेशची पट्टी उचलून विचारलं, "ही कशी केली?"

"वायर जोडून, मॅडम," रंजिता म्हणाली. "बिनवायरची ही माझी, डागांची."

सर हसले. "नवीन आहे, घाबरलीय." मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, घड्याळ पाहिलं आणि सगळे नाश्त्याला गेले. समोशांचा वास प्रयोगशाळेपर्यंत आला, तेव्हा रंजितानं नाकाला ओढणी लावली.

आठवड्यात सरांनी तिला दुसरा गाइड शोधायला सांगितलं. प्रितेशचा पेपर छापणाऱ्या मासिकाला तिनं पट्ट्यांच्या फोटोंसह पत्र धाडलं. 'विचार चालू आहे' असं उत्तर आलं, ते अजून चालूच आहे.

नव्या गाइड बाईंकडे तिनं मोरचूद वीस पट कमी केलं. प्रितेशची कृती वायर जोडलेल्या पट्टीची होती. तिच्यातल्या दाट पाण्यातून वीज सरळ निघून जायची, वायर नसलेल्या पट्टीत शिरायचीच नाही. चौथ्या दिवशी कडेला फिकट तांबूस पट्टा आला, आत विरत गेलेला. देखणा नव्हता, पण खरा होता.

"आधीच्या पेपरचा संदर्भ द्यावाच लागेल," बाई म्हणाल्या.

प्रितेशचं आणि दिनानाथ सरांचं नाव टाइप करताना तिच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. त्याखाली तिनं एक वाक्य जोडलं: या कृतीनं आम्हाला तांब्याचा थर मिळाला नाही. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि राहू दिलं.