घर राखायला कुणीतरी पायजे

येळवशीचा, म्हणजे रानात जाऊन पूजा-जेवण करायच्या वेळ अमावास्येचा, दिवस उजाडला तसा खटकचिंचोळीतल्या घराघरांतून भाज्या-शेंगांच्या भज्जीचा आंबट वास सुटला. सोजराबाईंच्या घरचं भज्जीचं पातेलं चुलीवरून उतरवायला दोघी लागल्या असत्या, पण त्यांच्या सुनेने, विजयश्रीने, ते एकटीनेच उतरवलं. बाजरीचे उंडे, भाकरी, खीर आणि बिंदगं म्हणतात त्या मडक्यात भरलेली आंबील, सगळं तिच्याच हातचं. सोजराबाई बाजेवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा शिवशंकर गेल्या वर्षी भालकीच्या रस्त्यावर ट्रकखाली सापडून गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून सोजराबाईंचे मालक भगवानराव गप्प झाले ते झालेच, आणि रान सुनेने ओढलं. पेरायला ती, खुरपायला ती, फवारायला ती. "पोरगी खंबीर हाय," असं गावाने कौतुकही केलं. कौतुक करायला गावाच्या खिशातलं काही जात नव्हतं.

येळवशीला आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन रानात जायला मात्र सवाष्णच लागते. विधवेच्या डोक्यावरून आंबील गेली की रान वाळतं म्हणतात. मग तिने पेरलेलं त्याच रानात उगवतं कसं, हे कुणी विचारत नाही. सोजराबाईंनी तरी कुठे विचारलं होतं? गेल्या येळवशीला त्यांनीच सुनेला सांगितलं होतं, "तू ऱ्हा. घर राखायला कुणीतरी पायजे." तेव्हा दाराचं कुलूप त्यांच्या समोर खुंटीवर लटकत होतं.

यंदा गुडघ्यांमुळे बिंदगं त्यांना झेपणार नव्हतं, म्हणून पुतण्या माउलीची बायको ज्योती आली, हिरवी साडी नेसून, गजरा माळून. विजयश्रीने बिंदगं उंबऱ्यापर्यंत आणून ठेवलं आणि ती आतल्या खोलीत गेली. निघताना विधवेचं तोंड दिसू नये हे यंदा तिला सांगावं लागलं नाही. सोजराबाईंच्या काळजात कळ आली खरी, पण माउलीच्या मोटारसायकलवर बसेपर्यंत ती विरूनही गेली.

रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. शेजारच्या रानातला मल्लप्पा शिष्टाचाराला येऊन बसला होता. ज्योती हळदी-कुंकवाचं ताट मांडत असताना माउली हळूच म्हणाला, "काका, पुढल्या सालापासनं ह्या रानाचं मीच बघतो. वैनीला उन्हात कामून राबवायलाव? माहेरी धाडून द्या. सुखानं ऱ्हाईल."

"बरोबर हाय की अण्णा," मल्लप्पाने री ओढली. "ज्याच्या घरची सवाष्ण आंबील आणती, त्येचंच रान म्हणायचं."

भगवानराव मातीकडे बघत राहिले. आंबील वाहून आणायला बोलावलेले पाय रानातच ठाण मांडणार होते, आणि वाट सोजराबाईंनीच मोकळी करून दिली होती.

त्यांनी नजर फिरवली, तर ती ज्वारीच्या कडेला अडकली. डुकरं शिरू नयेत म्हणून रानाभोवती जुन्या साड्या ताणून बांधायची इकडे पद्धत आहे. तिथे विजयश्रीच्या लग्नातली जांभळी होती. पहिल्या दिवाळीची शेंदरी होती. उदगीरच्या दुकानात बसून सोजराबाईंनी स्वतः निवडलेली मोरपंखी होती. नवरा गेल्यावर रंगीत नेसायचं नाही, म्हणून सुनेने त्या इथे आणून बांधल्या होत्या. साड्यांनी रान राखायचं आणि बाईने घर. सोजराबाईंना स्वतःची लाज वाटली.

"थांब ज्योती," त्या म्हणाल्या. "पूजा करू नगं."

कमरेचा फोन काढून त्यांनी घरी लावला. "विजू, रानात ये."

"घर कोण राखील, आत्या?" पलीकडून शांतपणे आलं. "आन् यिऊन मी बसू कुठं? लांब बांधावर? तसं आसल तर मी न्हाई यायची."

"घरात आंबील उरलीय?"

"हाय. घागरीत."

"ती डोक्यावर घे. मारुतीच्या पाराम्होरून ये. सगळ्यांदेखत."

पलीकडून फोन बंद झाला.

"काकू, रान वाळवायलाव काय?" माउली ताडकन उठला.

"ह्या रानाला पाणी तिनं दिलंय रं. वाळायचं आसतं तर तवाच वाळलं आसतं."

माउली बायकोला घेऊन निघून गेला. मल्लप्पाही "घरी पाव्हणे आल्यात" म्हणत टोपी झटकून उठला. भगवानराव जागचे हलले नाहीत. मान्य होतं म्हणून की उठायचं बळ नव्हतं म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. सोजराबाई लंगडत गाडीवाटेवर जाऊन उभ्या राहिल्या. ती आली नाही तर? पूजा मोडली, भाऊबंद तुटले, आणि सून खोलीच्या दाराआड ती दाराआडच. वर्षभर दार त्यांनीच लावलं होतं, आता ते आतून उघडावं असा हट्ट कोणत्या तोंडाने धरायचा?

ऊन चढलं. मग आजूबाजूच्या रानांतला जेवणाचा गलबला एकाएकी थांबला. माणसं हातातला घास तसाच धरून उभी राहिली. एका बाईने आपल्या पोरीचं तोंड दुसरीकडे वळवलं. वाटेने विजयश्री येत होती. मान ताठ, एक हात घागरीला, आणि हिंदकळलेली आंबील कपाळावरून खाली ओघळत होती. पाय थांबले नाहीत.

सोजराबाईंनी स्वतःच्या हातांनी घागर उतरवून घेतली आणि कोपीत आणली. भगवानराव पांडवांसमोरून थोडे बाजूला सरकले.

"बस, पोरी," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज फुटला होता.

गावाला पुरेल एवढी भज्जी होती, आणि जेवायला तिघंच. उद्या पारावर काय काय बोललं जाईल, हे तिघांनाही ठाऊक होतं. हात जोडायच्या आधी विजयश्रीने कमरेची किल्ली काढून सासूच्या हातात ठेवली.

"घराला कुलूप लावून आले, आत्या."