अळीचा खरा रंग

निखतने काढलेली अळी पाहून कापूस वेचणाऱ्या बाया हसल्या, आणि ते हसू तिच्या फार जिव्हारी लागलं.

त्या साली अकोटकडे गुलाबी बोंडअळीनं कहर केला होता. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत सगळी घाण. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अळीच्या चित्रांचा कागद छापायचा, असं भागीरथाबाईंच्या महिला गटानं ठरवलं. लग्नपत्रिका करणाऱ्या निखतनं चित्रं काढली. पण तिच्या जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर सगळंच निळसर दिसायचं. अळी गुलाबी दिसावी म्हणून ती लाल रंग वाढवत गेली, आणि छापून आलं भलतंच.

"हे तं गाजरावानी हाये," वेचणाऱ्या बायांतली माणिकबाई म्हणाली. "अशी अळी नाही आमच्या वावरात." आणि त्याच कागदात तिनं तंबाखूची पुडी बांधली.

गटानं निखतला नवा लॅपटॉप घेऊन द्यायचं ठरवलं. तिचा लॅपटॉप कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, जाडजूड, कोपरा फुटलेला. गिऱ्हाईक आलं की ती त्यावर ओढणी टाकायची. त्यामुळे अकोल्याच्या एसटीत बसताना ती मनातून हरखली होती. शेजारी भागीरथाबाई मांडीवर डबा धरून बसल्या होत्या.

अकोल्यातले दुकानदार जुबेरभाई लॅपटॉप दुरुस्तही करत आणि विकतही. त्यांनी एक नवा, पातळ, चकचकीत लॅपटॉप पुढे ठेवला. निखतनं त्यावरून अलगद हात फिरवला. तेवढ्यात भागीरथाबाईंनी डबा उघडला, किडकं बोंड फोडलं आणि जिवंत अळी थेट काउंटरवर ठेवली.

"अरे मावशी, काय करून राहिल्या!" जुबेरभाई खुर्चीसकट मागे सरकले.

"फोटू लाव हिचा. ताडून पाहू."

निखतनं मोबाइलवर अळीचा फोटो काढला आणि नव्या लॅपटॉपवर लावला. अळी धुरकट दिसली. मान जरा हलवली की रंग आणखी बदलायचा.

"हे मेलेली दिसते," भागीरथाबाई म्हणाल्या.

जुबेरभाई हसले. "तुमच्या बजेटात अशीच स्क्रीन येते, मावशी. चांगल्या रंगाची मशीन लय महाग." मग त्यांनी कपाटातून एक सुटी स्क्रीन काढली आणि निखतनं सोबत आणलेल्या जुन्या लॅपटॉपला जोडली. फोटो उघडला, आणि भागीरथाबाई एकदम पुढे वाकल्या.

"हे जित्ती हाये!"

"पण एक सांगतो," जुबेरभाई निखतकडे वळले. "मशीन थकली आहे. आतलं उद्या काही गेलं, तं मले बोल लावू नको. नवी घेतली तं चार वर्षं चिंता नाही."

नव्या लॅपटॉपवरून निखतची नजर हटत नव्हती. पत्रिकांचं काम त्यावर छान झालं असतं, गिऱ्हाइकांसमोर मान राहिला असता. भागीरथाबाई मुद्दाम डबा आवरत बसल्या. पोरीला हवं ते तिनंच सांगावं, म्हणून.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "तुमी सांगा ना."

"मले त्यातलं काय कळते? कागद तू काढतं."

निखतनं नवा लॅपटॉप हळूच मिटला. "स्क्रीनच बदला, जुबेरभाई."

परतताना तिला रडू आलं. भागीरथाबाईंनी खिडकीकडची जागा तिला दिली.

पंधरा दिवसांत लॅपटॉपची बॅटरी गेली, तेव्हापासून वायर लावूनच काम. पण नवा कागद बायांनी हातोहात नेला. कित्येक वावरांत कीड आधीच हाताबाहेर गेली होती, तिथं कागदाचा काही उपयोग झाला नाही. बाकीच्यांनी किडकी बोंडं ओळखून तोडली आणि जाळली.

एका दुपारी माणिकबाई स्वतःच निखतच्या दारात आली. हातात एक मिटलेलं, पिळवटलेलं फूल होतं.

"अळी बोंडात जायच्या आधी फूल असं होते," ती म्हणाली. "हेही काढ. म्या बसतो इथं. चुकलं तं सांगतो."

निखतनं तिला खुर्ची दिली.