पाहुणी येणार म्हणून

चिझुरुने पायात चपला सरकवल्या, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि मग परक्या बाईसारखी स्वतःच्याच घरात शिरली. दहा वाजता नगरपालिकेची बाई येणार होती. तिला काय दिसेल ते आधी आपण बघून घ्यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि बघितलं तर काय! घरातल्या बोळभर कागद चिकटवलेले. ‘संडास इकडे.’ ‘हे कपाट आहे.’ ‘गॅसला हात लावू नका.’ भिंतीवर, सासूबाई आधाराला हात टेकत जातात त्या उंचीवर, दारापासून न्हाणीपर्यंत काळा तेलकट पट्टा. आणि वास. तीन वर्षं ती या वासात जेवत होती, झोपत होती, आणि तो तिला आज पहिल्यांदा आला. शी! काय म्हणेल ती बाई या घराला?

खरं तर त्या बाईने हेच बघायला हवं होतं. सासूबाईंना, हात्सुएआजींना, तपासून ती त्यांच्या देखभालीची श्रेणी ठरवणार होती. वरची श्रेणी मिळाली तर आठवड्यातले चार दिवस वृद्धांच्या देखभाल केंद्राची गाडी आजींना न्यायला येणार, नाहीतर आत्तासारखा एकच दिवस. चिझुरुला अठ्ठावन्न सरलं होतं आणि रात्री तीनतीनदा उठून तिची कंबर गेली होती. नवरा नोकरीपायी दूरच्या शहरात. महिन्यातून एकदा यायचा, “आई बरी दिसतेय की,” म्हणायचा आणि जायचा.

शेजारच्या कुवाबाराकाकूंनी कालच बजावलं होतं.

“झाडूला हात लावशील तर बघ! माझ्या सासऱ्यांच्या वेळी मी फुलं ठेवली, चादरी बदलल्या. म्हातारा असा ताठ बसला, जसा काही मुलगी बघायला आलाय. पदरात काय पडलं? भोपळा! तोंडाने बोलवत नाही ते चिठ्ठीत लिही आणि जाताना तिच्या हातात कोंब.”

चिठ्ठी लिहून झाली होती. पानभर लिहिलेला तो कागद ॲप्रनच्या खिशात होता. पण आठ वाजून गेले आणि घर तसंच ठेवणं काही तिच्याच्याने होईना. कागद तेवढे काढू, म्हणून तिने कागद काढले. मग भिंत पुसली. मग आजींना न्हाऊ घातलं, निळा स्वेटर चढवला, केस विंचरले, आणि कोनाड्यात शेवंतीची दोन फुलं ठेवली. पाहुणा येतोय, घर आवरा. तिच्या आईने तिला लहानपणी दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

ओनुमा नावाची ती बाई चाळिशीची, गोड बोलणारी होती. चटईवर गुडघे टेकून बसली. आणि काय सांगावं! कालच्या दिवशी तांदळाच्या डब्यात चपला ठेवणाऱ्या हात्सुएआजी जमिनीला कपाळ लावून नमस्कार करत म्हणाल्या,

“एवढ्या लांब आलात. फार त्रास दिला तुम्हाला.”

“छे हो, आजी. तुमची जन्मतारीख सांगाल?”

आजींनी धडाधड सांगितली.

“आणि आता ऋतू कोणता?”

आजींची नजर कोनाड्याकडे गेली. “शेवंती फुललीय, म्हणजे शरदच की. तुम्हा पोरींना ऋतूसुद्धा कागदावर लिहून घ्यावे लागतात होय?”

ओनुमाबाई खळखळून हसली. चिझुरुने आपणच ठेवलेल्या त्या फुलांकडे बघितलं.

“संडासला एकट्या जाता?”

“मग काय पालखीतून जाऊ?”

“आणि तुमचं सगळं कोण बघतं, आजी?”

आजींनी चिझुरुकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग आपला हात तिच्या हातावर ठेवला.

“ह्याच बघतात. असं माणूस मिळायला नशीब लागतं.”

एकतीस वर्षं झाली होती तिच्या लग्नाला. मिसोचं सार खारट झालं, घड्या वाकड्या पडल्या, माहेरचं वळणच नाही, याखेरीज त्या तोंडातून तिने काही ऐकलं नव्हतं. चिझुरुचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला.

दारात बूट चढवताना ओनुमाबाईने आवाज खाली आणला.

“त्यांच्यासमोर बोलता आलं नाही असं काही असेल तर आत्ता सांगा. संकोच करू नका.”

चिझुरुचा हात खिशात गेला. कागदाची घडी बोटांना लागली. त्यात लिहिलं होतं की आजी ओले कपडे गादीखाली लपवतात, की मला चोर म्हणतात, की गेल्या महिन्यात मी त्यांच्यावर हात उगारला. उगारला आणि कसाबसा मागे घेतला. पण ज्या हातावर आजींनी आत्ता हात ठेवला होता, तोच तो हात.

“नाही, विशेष काही नाही,” ती म्हणाली. “आई तशा बऱ्या आहेत.”

झाकली मूठ सव्वा लाखाची! बाई वाकून नमस्कार करून गेली.

चिझुरु आत वळली तर आजी बोळात उभ्या. चारी दारं एकसारखी, एकावरही कागद नाही. त्यांनी एका दाराला हात लावला, दुसऱ्याला लावला, आणि मग तिथेच, सकाळी घासून लख्ख केलेल्या लाकडी जमिनीवर, त्यांच्या पायांशी ओल पसरत गेली.

चिझुरु फडकं घेऊन खाली बसली. आजी ओशाळल्या. तिच्यापाशी वाकून, पाहुणीशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाल्या,

“राहू द्या हो. तुम्ही एवढ्या चांगल्या, तुम्ही कशाला हात घालता? सून येईल आता बाजारातून, ती पुसेल. तिला दुसरं येतंय काय!”

चिझुरुने जमीन पुसली. आजींचे कपडे बदलले, त्यांना खिडकीशी नेऊन बसवलं. काढलेले कागद केव्हाच कचऱ्यात भिजून गेले होते. तिने खिशातली घडी उलगडली, कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘संडास इकडे.’ मग चिठ्ठीची बाजू आत ठेवून तो कागद संडासाच्या दारावर चिकटवला आणि चारी कोपरे अंगठ्याने नीट दाबले.